येत्या हेमंतात पुण्यात

तुळशीची लग्ने आटोपली, कार्तिकी पौर्णिमेचा त्रिपुर उजळून झाला, की पुण्यातील सुशिक्षित कुटुंबांत एक निराळेच पंचांग उघडले जाते. त्यात तिथिवारनक्षत्रांस फारसे स्थान नसते. कोठे कोणाचे गाणे, कोठे व्याख्यान, कोठे चित्रपट, तिकीट कितीचे, आणि मुख्य म्हणजे घरातून कोणी जावयाचे, याचा निर्णय त्यात होत असतो. महिन्यांत मार्गशीर्ष ही आपली विभूती, असे भगवंतांनी गीतेत सांगून ठेवले आहे. पुणेकरांनी तो अभिप्राय आपल्या पद्धतीने मनावर घेतला असावा, असे आम्हांस कधीकधी वाटते. मार्गशीर्ष व पौष या दोन महिन्यांत या नगरीत इतके काही चाललेले असते, की सर्वत्र हजेरी लावू म्हणणाऱ्या गृहस्थास नोकरीचा राजीनामाच द्यावा लागेल. आम्ही निवृत्त असल्यामुळे ती अडचण आम्हांस नाही. दुसऱ्या अडचणी आहेत, त्यांचा उल्लेख ओघाने येईल.

परगावच्या एका वाचकभगिनीने, या दिवसांत चार दिवस पुण्यास येण्याचा विचार आहे, बरोबर सासूबाई व दोन मुले असतील, तरी काय पाहावे व काय ऐकावे ते कळवावे, असे विचारले आहे. सबब या महिन्याचे पान त्याच विषयाला वाहिले आहे.

प्रथम लहान गोष्टी. मार्गशीर्ष शुद्ध एकादशीस गीताजयंती आणि पौर्णिमेस दत्तजयंती. या सुमारास पेठांतील देवळांत कीर्तनाचे सप्ताह चालू असतात. सदाशिव पेठेतील नारद मंदिरात नारदीय कीर्तनाचे शिक्षणही दिले जाते. तेथे एखाद्या सायंकाळी सासूबाईंस अवश्य न्यावे, व मुलांस तर आग्रहाने न्यावे. पूर्वरंगात अभंगाचे निरूपण कसे चालते, मध्यंतरी बुक्का लावून उत्तररंगास आरंभ कसा होतो, आख्यानात बुवा एकटेच राजा, राणी व विदूषक कसे होतात, हे मुलांनी एकदा प्रत्यक्ष पाहिले म्हणजे नाटक व गाणे यांचे मूळ कोठे आहे ते निराळे समजावून द्यावे लागत नाही. शिवाय येथे तिकीट नसते. आरतीच्या तबकात यथाशक्ति टाकावे.

ग्रंथप्रेमी मंडळींसाठी २०२३ सालापासून डिसेंबर महिन्यात फर्ग्युसन महाविद्यालयाच्या पटांगणावर पुणे पुस्तक महोत्सव भरू लागला आहे. राष्ट्रीय पुस्तक न्यासाने आरंभिलेला हा उपक्रम अल्पावधीत चांगलाच फोफावला. गर्दी इतकी लोटते की, हल्ली कोणी वाचीत नाही असे उठल्यासुटल्या म्हणणाऱ्यांनी (आम्हीही त्यांतलेच) एकवार तेथे उभे राहून पाहावे. संस्कृत ग्रंथांच्या दुकानाशी मात्र आम्हांस गर्दी आढळली नाही. त्यामुळे निवांतपणे पुस्तके चाळता आली, एवढेच समाधान.

जानेवारीत पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव येतो. तो २००२ साली सुरू झाला. देशोदेशींची चित्रे तेथे येतात, व कित्येकांत खाली इंग्रजी अक्षरे धावत असतात. ती वाचता वाचता चित्र निघून जाते, अशी आमच्या घरातील वडील माणसांची तक्रार आहे, आणि ती खोटी नव्हे. परंतु चित्रपट आणि पुणे यांचा संबंध काही नवा नाही. कोल्हापुरास १९२९ साली निघालेली प्रभात कंपनी १९३३ साली येथे आली. दामले व फत्तेलाल यांनी केलेले तिचे ‘संत तुकाराम’ हे चित्र १९३६ सालचे, आणि दुसऱ्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. प्रभातच्या त्या जागेत १९६० सालापासून चित्रपटविद्येचे शासकीय विद्यालय आहे. मुलांस प्रभात रस्त्याने नेताना एवढे सांगावे, म्हणजे रस्त्याचे नाव नुसते पत्त्यापुरते राहणार नाही.

आता मुख्य विषयाकडे वळतो. डिसेंबरात भरणारा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव हा या ऋतूतील खरा उत्सव, व आमच्या घरातील यंदाच्या वादळाचे कारणही तोच.

महोत्सवाचा इतिहास पुष्कळांस ठाऊक असला तरी मुलांसाठी थोडक्यात सांगतो. कुंदगोळचे रामभाऊ हे किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे शिष्य. संगीत रंगभूमीवर त्यांनी स्त्रीभूमिका गाजविल्या. बालगंधर्वांवरही सवाई ठरावे असे गाणे म्हणून लोक त्यांस ‘सवाई गंधर्व’ म्हणू लागले, ते नावच पुढे राहिले. १९५२ साली ते वारले. दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १९५३ साली, त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी गुरूच्या स्मरणार्थ पुण्यात संगीताचा उत्सव आरंभिला, आणि आर्य संगीत प्रसारक मंडळामार्फत तो चालू ठेवला. भीमसेनांच्या गुरुभगिनी गंगूबाई हनगल व गुरुबंधू फिरोज दस्तूर हेही तेथे वर्षानुवर्षे गात आले. म्हणजे मुळात हे श्राद्धच. फक्त पिंडाच्या ठिकाणी सूर. भीमसेनांना २००८ साली भारतरत्न हा किताब मिळाला, २०११ च्या जानेवारीत ते गेले, आणि आता गुरुशिष्य दोघांच्याही नावाने हा उत्सव होतो. अखेरच्या दिवशी सर्व गाणी संपल्यावर सवाई गंधर्वांची ध्वनिमुद्रित भैरवी लावतात. ती चालू असता मंडपातील माणसे जागच्या जागी उभी राहिलेली आम्ही पाहिली आहेत.

पुष्कळ वर्षे हा उत्सव रमणबागेतील शाळेच्या पटांगणावर होत असे; २०१८ पासून तो मुकुंदनगरास महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात भरू लागला. बुधवार ते रविवार असे बहुधा पाच दिवस असतात. गायन, वादन व थोडे नृत्यही असते. खुर्च्या महाग आणि भारतीय बैठक स्वस्त असते. ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनी बैठकच घ्यावी, कारण जाणकार श्रोता तेथे अधिक सापडतो. शिवाजीनगरातील सवाई गंधर्व स्मारकात दिवसा कलावंतांवरील लघुपट दाखवितात व मुलाखतीही ठेवतात. परगावच्या माणसाने तो भाग चुकवू नये. कोण कोण गाणार, ते आम्ही येथे देत नाही. ते यथाकाल वर्तमानपत्रांत येते, आणि नावे पाहून गाण्यास जाणे हे आम्हांस मुळीच पसंत नाही.

पूर्वी हा उत्सव रात्रभर चाले. शाली, मफलर, दशम्यांचा डबा, कॉफीचा थर्मास असा सरंजाम घेऊन आम्ही रात्री जाऊन बसत असू, ते सकाळी उन्हे अंगावर आल्यावर घरी येत असू. हल्ली तसे नाही. ध्वनिप्रदूषणासंबंधी २००० साली नियम झाले, त्यांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक लावण्यास बंदी आहे. वर्षातून काही ठरावीक दिवस बारापर्यंत सवलत देण्याचा अधिकार सरकारास आहे. त्यामुळे गाणे दुपारी सुरू होऊन रात्री दहास आटोपते, आणि एखाद्या दिवशी बारापर्यंत चालते. आजारी माणसे व परीक्षेची मुले यांच्या दृष्टीने नियम योग्यच आहे. परंतु त्याचा एक परिणाम असा की, मुलतानी, पटदीप, मारवा, पूरिया हे राग पोटभर ऐकावयास मिळतात, मालकंस व दरबारी कशीबशी वेळ साधतात, आणि पहाटेचे राग मंडपातून जवळजवळ हद्दपार झाले आहेत.

रागास वेळेचे बंधन कशाला, असे हल्लीची मुले विचारतात. प्रश्न वावगा नाही. आपल्या देवगिरीस यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्यात ग्रामरागांची वर्णने देताना तो ऋतू व प्रहरही सांगतो. अलीकडे पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी या समजुतीस व्यवस्थित बांधणी दिली. यांनी ‘श्रीमल्लक्ष्यसङ्गीतम्’ हा ग्रंथ चतुरपंडित या टोपणनावाने संस्कृतात लिहिला, याचे आम्हां संस्कृताच्या मास्तरांस विशेष कौतुक. त्यांच्या मते वाट दाखविणारा स्वर मध्यम. उजाडता-मावळताच्या संधिप्रकाशातील रागांत ऋषभ कोमल असतो. त्याबरोबर शुद्ध मध्यम प्रबळ असला तर समजावे की सकाळ होत आहे, आणि तीव्र मध्यम प्रबळ असला तर रात्र येत आहे. भैरव आणि पूरिया पाठोपाठ ऐकले म्हणजे हे अडाण्यासही कळते. आता ललित हा राग पाहा. त्यात पंचम नाही, आणि दोन्ही मध्यम एकमेकांस चिकटून येतात. रात्र अजून गेलेली नाही आणि दिवस अजून आलेला नाही, ती घटका त्या दोन स्वरांत उभी राहते. दुपारी चार वाजता ललित गाण्यास कोणाची हरकत नाही. पण आम्ही तो एकदा अंधारात ऐकला आहे, आणि ऐकता ऐकता मंडपाची कनात पांढरी होताना पाहिली आहे.

हे आम्हांस पुरते समजले होते, अशी मात्र वाचकांनी समजूत करून घेऊ नये. येथे एक घरची गोष्ट सांगणे भाग आहे.

आमच्या थोरल्या वहिनींचे माहेर मिरजेचे. अब्दुल करीम खाँ यांची समाधी मिरजेस असून त्यांच्या स्मरणार्थ तेथे दरवर्षी गाणे होते. लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून ते ऐकलेल्या वहिनी गांधर्व महाविद्यालयाच्या मध्यमा परीक्षेपर्यंत पोहोचल्या होत्या. लग्नात त्यांच्याबरोबर एक तंबोरा आला. तो पहिली काही वर्षे माजघरात व पुढे कपाटावर, जुन्या लुगड्याच्या खोळीत राहिला. कोणी तो तेथे ठेवण्यास सांगितले असे नाही. मुले झाली, मातोश्री अंथरुणास खिळल्या त्या अकरा वर्षे, आणि तंबोऱ्यास माजघरात जागा उरली नाही.

दर डिसेंबरात आम्ही दोघे बंधू, आमची पत्नी, पुढे मुले, असे सर्व उत्सवास जात असू. वहिनी घरी राहत. मातोश्रींजवळ कोणी तरी हवे, हे उघडच होते, आणि ते कोणी तरी कोण, हा प्रश्न कधी निघाला नाही. दशम्या त्याच करीत, थर्मास त्याच भरीत. सकाळी आम्ही परत आलो की चहाची भांडी मांडता मांडता विचारीत, “भावजी, काल काय काय झाले?” मग आम्ही शाल न काढताच व्याख्यान सुरू करीत असू. मास्तरकीची सवय!

एका वर्षी आम्ही असेच ऐटीत सांगितले की, पहाटे अमुक बुजुर्गांनी ललित असा काही रंगविला की विचारू नका, आणि आमच्या भसाड्या आवाजात त्यातली एक जागा गुणगुणूनही दाखविली. वहिनींनी दूध उतू जाऊ नये म्हणून आच कमी केली आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, “भावजी, यात पंचम लागला. ललितात पंचम नसतो. रामकली असेल.”

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वृत्तांत आला. रामकलीच होता.

ही गोष्ट आम्ही पुढे पुष्कळ वर्षे मित्रमंडळींत वहिनींचे कौतुक म्हणून सांगितली. स्वयंपाकघरात बसून राग ओळखणारी आमची वहिनी! ऐकणारे माना डोलावीत. ज्या बाईस राग इतका कळतो ती स्वयंपाकघरात का आणि आम्ही मंडपात का, हे ना आमच्या ध्यानात आले, ना ऐकणाऱ्यांच्या. मुलांना शिकविण्यात आम्ही तीस वर्षांवर घालविली. वर्गात मागच्या बाकावर कोण गप्प बसला आहे ते आमच्या नजरेतून सुटत नसे, असा आमचा लौकिक होता.

गेल्या महिन्यात पुतण्याच्या पत्नीने, म्हणजे आमच्या सूनबाईने, हा विषय उघड काढला. थोरल्या बंधूंस दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला असून त्यांच्याजवळ रात्रंदिवस माणूस लागते. उत्सवाच्या पासांची बोलणी चालली होती. आम्ही नेहमीप्रमाणे मोजू लागलो, इतक्यात ती म्हणाली, “काका, आईंचा पास धरून मोजा.” आम्ही सहज बोलून गेलो, “अग, पण दादांजवळ कोण बसेल?” तिने काही उत्तर दिले नाही. आमच्याकडे नुसती पाहत राहिली. घरात त्या वेळी आम्ही सातजण होतो. कोणी काही बोलेना. शेवटी आम्हीच म्हणालो, “आम्ही बसू.”

वहिनींनी प्रथम साफ नकार दिला. आता या वयात कशाला, गुडघे दुखतात, दादांची औषधे तुम्हांस समजणार नाहीत, अशी कारणे निघाली. त्यांपैकी औषधांचे कारण खरे होते. ते आम्ही वहीत वेळापत्रक लिहून घेऊन निकालात काढले. गुडघ्यांसाठी भारतीय बैठकीऐवजी खुर्चीचा पास काढावयाचे ठरले. मग त्यांनी एक गोष्ट विचारली, ती अशी की, परत यावयास किती वाजतात? दहास संपते, साडेदहा-अकरापर्यंत घरी, असे सूनबाईने सांगितले. तेव्हा त्या म्हणाल्या, “मग जमेल. रात्रभर असते तर जमले नसते.”

रात्रीची मैफल गेली म्हणून इतकी वर्षे हळहळणाऱ्या आम्हांस हे नवीन होते. रात्रभराचा उत्सव कोणाला परवडत होता, आणि कोणाच्या जिवावर, याचा हिशेब आम्ही कधी मांडलाच नव्हता. मंडपात हल्ली बायकांची संख्या पुष्कळ अधिक दिसते असे आम्ही दोनतीन वर्षे पाहत आहो. त्याची कारणे आणखीही असतील, पण दहाची मर्यादा हे त्यांतले एक नव्हे असे आता म्हणवत नाही.

तथापि नुकसान ते नुकसानच. त्याच रात्री जेवणे झाल्यावर वहिनी म्हणाल्या, “ललित काही आता ऐकावयास मिळणार नाही.” तक्रारीच्या सुरात नव्हे; उद्या भाजी नाही, असे सांगावे तसे. ध्वनिमुद्रिका आहेत, यंत्रावर हवा तो गायक हव्या त्या वेळी लावता येतो, असे पुतण्या म्हणाला. त्यांनी मान हलविली. तेही त्या करतातच. दादांस पाठ वळवून देण्यास पहाटे चारला उठतात, तेव्हा हळू आवाजात लावतात, हे आम्हांस तेव्हा प्रथम समजले. आमची खोली माडीवर असल्याने खाली काय चालते ते ऐकू येत नाही.

तंबोरा कपाटावरून काढला आहे. खोळ काढली तेव्हा दोन तारा तुटलेल्या आढळल्या व एक खुंटी सैल होती. भोपळा मात्र शाबूत होता. पंढरपूरच्या बाजूचा भोपळा, मिरजेच्या कारागिराचे काम, असे वहिनींनी त्यावर हात फिरवून सांगितले. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे वाचकांच्या वाचनात आले असेलच. तारा बदलण्यास व जवारी काढण्यास तो मिरजेसच पाठविला आहे. घोडीवर कानस कितीशी चालवावी हे तेथल्या हातांनाच कळते. पुण्यात कोणास करता येणार नाही असे नव्हे, पण मालकिणीचा आग्रह.

आता वाचकभगिनीच्या प्रश्नाकडे परत येऊ. आपण चार दिवस येणार आहात, तर त्यांतले दोन महोत्सवासाठी ठेवावेत. मुलांस सर्व वेळ बसवून ठेवू नये. एकच गायक निवडावा, पण त्याचा विलंबित ख्याल आरंभापासून ऐकवावा. द्रुत सुरू झाल्यावर आत शिरणारे आणि भजनाची फर्माईश करून उठून जाणारे श्रोते मंडपात पुष्कळ असतात, त्यांत आपली भर नको. सम कोठे येते ते मुलांच्या तळव्यावर बोटाने दाखवावे. अर्ध्या तासात ती स्वतः दाखवू लागतात. भ्रमणध्वनी घरी ठेवता येत नसेल तर निदान बंद ठेवावा. मंडपाबाहेर खाद्यपदार्थांची दुकाने असतात, तेथील बटाटेवड्याच्या ओढीने मारव्यातून उठून जाणारे गृहस्थ आम्ही पाहिले आहेत. त्यांची नावे आम्हांस ठाऊक आहेत, पण देत नाही. पुस्तक महोत्सवाच्या तारखा बहुधा याच आठवड्यांत येतात, तेव्हा सकाळी पुस्तके आणि दुपारी गाणे असे साधेल. थंडी बेताची असली तरी दहानंतर मंडपातून बाहेर पडताना बोचते, म्हणून सासूबाईंसाठी शाल व पायमोजे न्यावेत.

आणि आपणही यावे. मुलांना किंवा सासूबाईंना नेऊन पोहोचवावयाचे आणि आपण खोलीवर परतावयाचे, असा बेत पत्रावरून दिसला.

आमच्या घरी ठरलेली व्यवस्था अशी: बुधवार, शुक्रवार व रविवार वहिनी, गुरुवार व शनिवार आम्ही. शनिवारी बारापर्यंतची सवलत मिळाली तर तो दिवसही वहिनींचा, कारण मालकंस त्याच दिवशी वेळेवर ऐकू येण्याची आशा. त्यांना आणावयास पुतण्या मोटार घेऊन जाईल. दादांची संध्याकाळची गोळी साडेसातला, मऊ भात आठला, पाठ वळविणे दर दोन तासांनी. सूनबाईने हे सर्व मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्या पलंगाशी टांगले आहे. कॉफीचा थर्मास भरण्याचे काम आमच्याकडे आले आहे. त्यात प्रथम ऊन पाणी घालून ते ओतून टाकावयाचे असते आणि मगच कॉफी भरावयाची, ही गोष्ट आम्हांस परवा कळली.